कॅच कॅन बसवल्याने इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन थांबतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड लिटरची डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी, ६०,००० किलोमीटर झालेले. सकाळी गार इंजिन चालू केलं की अर्धा मिनिट मिसिंग करतं, मग सुरळीत होतं. इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचला असेल, ऑइल कॅच कॅन (इंजिनातून इनटेककडे जाणाऱ्या वाफेतलं ऑइल अडवून साठवणारा डबा) बसवा, आणि वर छोटा फिल्टर असलेला उघडा कॅन घेतला तर एक होज पाइप वाचेल, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. तो ऐकावा का, आणि कॅन बसवल्यावर कार्बन जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. साचलेला कार्बन काढणं हे एक, आणि नवा साचण्याचा वेग कमी करणं हे दुसरं. कॅच कॅन फक्त दुसरं काम करतो, तेही काही अंशी. पहिल्या कामात त्याचा काडीचाही उपयोग नाही. आणि उघडा फिल्टरवाला कॅन तुमच्या गाडीला बसवू नका. त्याची कारणं पुढे येतील, पण तेवढं आधीच सांगून ठेवतो.

पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी सिलिंडर शंभर टक्के बंद करत नाहीत. प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा गॅस रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतो. हा ब्लो-बाय. त्यात जळालेला गॅस, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. खाली क्रँक फिरत असतो, ऑइल उडत असतं, त्या ऑइलचे बारीक थेंब या गॅसमध्ये मिसळतात. हा दाब बाहेर काढला नाही तर सील आणि गास्केटमधून ऑइल गळायला लागतं. जुन्या गाड्यांत एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधली वाफ मोजून बाहेर सोडणारी झडप) परत इनटेकमध्ये ओढून जाळायची पद्धत आली. तिचा फायदा फक्त हवेच्या प्रदूषणापुरता नाही. इंजिन सतत ओढत राहतं म्हणून क्रँककेसमधली ओल आणि पेट्रोलची वाफ निघून जाते आणि ऑइल टिकतं. कॅच कॅन लावताना ही ओढ कायम राहिली पाहिजे. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

ऑइलची वाफ इनटेकमध्ये जाणं नवीन नाही, मग त्रास आता का वाढला? पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या पाठीवरच पेट्रोल फवारतो. पेट्रोल आणि त्यातली डिटर्जंट द्रव्यं व्हॉल्व्ह सतत धूत राहतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या पाठीवर फक्त हवा आणि तिच्याबरोबर येणारं ऑइल. व्हॉल्व्ह गरम असतो. ऑइलचा हलका भाग उडून जातो, जड भाग भाजून चिकटतो, त्यावर काजळी बसते, आणि खडबडीत झालेल्या त्या थरावर पुढचं ऑइल आणखी सहज अडकतं. म्हणूनच पेट्रोलच्या टाकीत टाकायची क्लीनरची बाटली इंजेक्टरला उपयोगी पडेल, पण या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणारच नाही.

एक गोष्ट आधी तपासा: तुमच्या इंजिनात इंजेक्टरचे दोन संच तर नाहीत ना? टोयोटाच्या डी-४एस पद्धतीसारखी काही इंजिनं पोर्ट आणि डायरेक्ट अशी दोन्ही इंजेक्शनं वापरतात. तिथे व्हॉल्व्ह धुतले जातात आणि कॅच कॅनची गरज बरीच कमी होते.

आता कॅन किती उपयोगी पडेल, हे कशावर अवलंबून आहे ते पाहू. व्हॉल्व्हवर घाण पोहोचण्याचे रस्ते अनेक आहेत. पीसीव्हीतून येणारं ऑइल हा एक. व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमधून दांड्यावरून झिरपणारं ऑइल हा दुसरा. टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या बाजूने येणारं ऑइल हा तिसरा. आणि उलट फिरलेला एक्झॉस्ट गॅस हा चौथा, मग तो ईजीआरच्या (एक्झॉस्टचा थोडा गॅस मुद्दाम परत इनटेकमध्ये सोडणारी पद्धत) पाइपमधून येवो किंवा इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना आतल्या आत येवो. कॅच कॅन फक्त पहिल्या रस्त्यावर उभा आहे. एका इंजिनात बहुतेक ऑइल त्याच रस्त्याने येत असेल तर फरक ठळक दिसेल. दुसऱ्या इंजिनात कंपनीचाच ऑइल सेपरेटर (वाफेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) चांगला असेल आणि घाण मुख्यतः एक्झॉस्ट गॅसमधून येत असेल, तर तोच कॅन बसवूनही व्हॉल्व्ह जवळपास तितकेच काळे होतील. एकाच कॅनबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात ती यामुळे, आणि दोन्ही मतं आपापल्या इंजिनापुरती खरी असू शकतात.

त्यामुळे खरेदीच्या आधी निदान. गार इंजिनाची मिसिंग फक्त कार्बनमुळे होते असं नाही. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोणता कोड आहे ते बघा, शेवटचा आकडा म्हणजे मिसिंग करणारा सिलिंडर. एकाच सिलिंडरचा असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल करून हेच पुन्हा करा. गळणारा इंजेक्टर आणि कमी कॉम्प्रेशन हेही रांगेत आहेत. हे सगळं निर्दोष निघालं की मग व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघायचे. काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डवरचा प्रेशर सेन्सर काढून त्या भोकातून बारीक बोअरस्कोप (नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) आत जातो. नाहीतर मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. प्लगच्या भोकातून व्हॉल्व्हची सिलिंडरकडची बाजू दिसते, आपल्याला हवी ती पाठ नीट दिसत नाही. त्यामुळे तिथून पाहून ‘व्हॉल्व्ह स्वच्छ आहेत’ असा निर्णय देऊ नका.

पाहताना साचण्याची पद्धत लक्षात घ्या. सगळ्या सिलिंडरमध्ये साधारण सारखाच कोरडा थर असेल तर पीसीव्ही आणि एक्झॉस्ट गॅस यांच्याकडे संशय. एखाद्याच व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती ओलं, चकचकीत ऑइल असेल तर गाइडचं सील गेलंय, आणि तिथे कॅच कॅन काहीच करू शकत नाही. पीसीव्हीचं तोंड मॅनिफोल्डमध्ये एका टोकाला उघडत असेल तर त्याच्या जवळच्या सिलिंडरला जास्त ऑइल मिळतं, एवढी सवलत मनात ठेवा. फोटो काढून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढे कॅनचा उपयोग झाला की नाही हे ठरवायला तेवढाच पुरावा असणार आहे.

त्याच वेळी पीसीव्हीची तब्येत तपासा. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरा. तो हलकासा आत ओढला गेला पाहिजे. फुगून वर आला तर दाब साचतोय: पीसीव्ही चोंदलाय किंवा रिंगा झिजल्यात. उलट झाकण उघडायलाच जोर लागत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर टॅपेट कव्हरमधला पीसीव्हीचा पडदा फाटल्याची शक्यता मोठी. फाटक्या पडद्यातून इंजिन भसाभसा ऑइल ओढतं. तो बदलला की निम्मं दुखणं तिथेच संपतं. बिघडलेल्या पीसीव्हीवर कॅन लावणं म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवणं.

टर्बो इंजिनात वाफेला जायला दोन वाटा असतात आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. आयडलिंगला आणि हलक्या पायाने चालवताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, वाफ पीसीव्हीतून थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. टर्बोने दाब दिला की मॅनिफोल्डमधली हवा उलट क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बंद होतो. मग वाफ ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसची हवा सोडणाऱ्या, दुसऱ्या पाइपमधून टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या नंतर, ओढली जाते. या वाटेचं ऑइल टर्बो आणि इंटरकूलरमधून फिरून व्हॉल्व्हवर येतं. कॅन एकाच वाटेवर बसवायचा असेल तर तुमच्या चालवण्यावर ठरवा. बहुतेक वेळ रहदारीत आणि ठरावीक वेगाने जात असेल तर मॅनिफोल्डची वाट. चढ, ओझं आणि जोरात चालवणं जास्त असेल, इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा ओलावा सापडत असेल, तर टर्बोकडची वाटही हवी. दोन्हींसाठी एकच कॅन वापरायचा असेल तर कॅनकडून निघणाऱ्या दोन्ही फाट्यांवर चेक व्हॉल्व्ह लागतात, नाहीतर टर्बोचा दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक उडून बाहेर येते. काही इंजिनांत मॅनिफोल्डकडची वाट टॅपेट कव्हरच्या आतूनच जाते, बाहेर पाइप दिसतच नाही. तिथे त्या वाटेवर कॅन बसवण्यासाठी बदली प्लेट किंवा वेगळं कव्हर लागतं. ते नसेल तर टर्बोकडच्या वाटेवरच समाधान मानावं.

कॅनची निवड वरच्या रंगावरून करू नका, उघडून आत बघा. आत काहीच नसलेला डबा, शेजारी-शेजारी दोन नळ्या, असा कॅन फक्त मोठे थेंब पकडतो. ऑइलच्या धुक्यातला बराच भाग एक मायक्रॉनपेक्षाही लहान थेंबांचा असतो. ते गॅसच्या प्रवाहाबरोबर वळतात आणि तसेच निघून जातात. त्यांना पकडायला गॅसचा वेग मंदावला पाहिजे, तो गार धातूवर आदळला पाहिजे आणि बारीक जाळीतून किंवा तंतूंच्या थरातून वाट काढत गेला पाहिजे, म्हणजे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि खाली पडतात. येणारी नळी खाली सोडलेली, मध्ये आडवा पडदा आणि जाळी, जाणारी नळी अगदी वर, ही रचना चांगली. मात्र येणाऱ्या नळीचं टोक साचलेल्या ऑइलमध्ये बुडता कामा नये. बुडलं तर बुडबुड्यांबरोबर तेच ऑइल पुन्हा उडतं.

जाळी जितकी बारीक तितकी पकड चांगली, पण गॅसला अडथळाही तितकाच जास्त. फार बारीक तंतूंचा घटक असलेल्या कॅनमध्ये दाब वाढला तर आपोआप उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असावा आणि तो घटक ठरलेल्या वेळी बदलावा. रिकाम्या डब्यात घरच्या घरी भांडी घासायची लोखंडी लोकर कोंबू नका. ती गंजते, तुकडे पडतात आणि ते सरळ इंजिनात जातात. स्टेनलेसची विणलेली जाळी घ्या, तीही खालून-वरून छिद्रांच्या पत्र्यांमध्ये अडकवलेली. एअर कॉम्प्रेसरच्या पारदर्शक वाटीचा फिल्टर कॅच कॅन म्हणून वापरणंही टाळा. त्याची तोंडं अरुंद असतात आणि पॉलिकार्बोनेटची वाटी पेट्रोलच्या वाफेने तडकते.

बसवताना पीसीव्ही व्हॉल्व्ह जागेवरच राहू द्या. किती गॅस ओढायचा हे तोच ठरवतो. कॅन त्याच्या नंतर आणि मॅनिफोल्डच्या आधी येतो. होजचा आतला व्यास मूळ पाइपाएवढाच किंवा किंचित जास्त, कधीही कमी नाही. साधा पाण्याचा रबरी होज ऑइलने फुगतो, मऊ होतो आणि निर्वातात चपटा होऊन बंद पडतो. ऑइल आणि पेट्रोलची वाफ सहन करणारा, आत दोऱ्याचा थर असलेला होज घ्या. इंजिनाकडून कॅनकडे होजला सतत उतार हवा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचून वाट बंद होते. कॅन एक्झॉस्ट आणि टर्बोपासून दूर, हवा लागेल अशा जागी, इंजिनाऐवजी बॉडीला पक्का बसवा. गार कॅन जास्त पकडतो. पण जिथे तापमान शून्याखाली जातं तिथे हाच फायदा उलटतो. कॅनमधलं पाणी गोठून होज बंद होतो, क्रँककेसमधला दाब वाढतो आणि क्रँकचं मागचं सील बाहेर ढकललं जातं. तशा हवेत कॅन इंजिनाच्या उबेजवळ ठेवा आणि दर आठवड्याला रिकामा करा.

कॅनवरच्या ‘आत’ आणि ‘बाहेर’ या खुणा पाळा, उलटे होज लावले की जाळीचा उपयोग संपतो. काम सुरू करण्याआधी गरम इंजिनाचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) स्कॅनरवर लिहून घ्या. बसवल्यावर दोन-तीन दिवस चालवून पुन्हा बघा. आकडा आधीपेक्षा चार-पाच टक्क्यांनी वर सरकला असेल तर एखाद्या जोडातून हवा आत शिरतेय. क्लिपा, कॅनच्या झाकणाचा ओ-रिंग आणि तळाचा ड्रेनचा नळ तपासा. त्या नळाची गळती सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते.

आता त्या उघड्या फिल्टरविषयी. मॅनिफोल्डच्या वाटेवर तो बसवला आणि मॅनिफोल्डकडचं तोंड नीट बंद केलं नाही, तर न मोजलेली हवा थेट आत जाते. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनात मिश्रण पातळ होतं, पी०१७१ कोड येतो, आयडलिंग वरखाली होतं. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या इंजिनात मिश्रण फारसं बिघडत नाही, पण आयडलिंग चढतं. तोंड बंद केलं तरी मूळ तोटा राहतोच. क्रँककेसला ओढ उरत नाही, वाफ स्वतःच्या दाबाने बाहेर पडेल तेवढीच. ओल आणि पेट्रोल ऑइलमध्ये साचतात आणि टॅपेट कव्हरखाली पिवळसर लोणी जमतं. शिवाय ही वाफ गाडीच्या आत येते, तिचा वास त्रासदायक आणि प्रकृतीला वाईट असतो. वाफ उघड्यावर सोडणं अनेक ठिकाणी प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही. बंद कॅनच घ्या. वॉरंटी चालू असेल तर बंद कॅनबद्दलही आधी विचारून घ्या, आणि मूळ पाइप न कापता बाजूला जपून ठेवा.

साचलेल्या थराचं काय? तो उतरवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारणं. भुगा थर खरवडतो, पण धातूवर ओरखडे पाडत नाही. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असलेच पाहिजेत. त्यासाठी क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन नेहमीच्याच दिशेने हाताने फिरवा आणि टॉर्चने बघून खात्री करा. बाकीची तोंडं झाका, व्हॅक्यूम सतत चालू ठेवा, शेवटी हवेने झाडून पुन्हा ओढून घ्या. मॅनिफोल्डचं गास्केट नवं घाला. भुगा मारायची सोय नसेल तर बंद व्हॉल्व्हवर क्लीनर ओतून भिजत ठेवणं आणि ब्रशने घासणं चालतं, फक्त वेळ पुष्कळ जातो आणि विरघळलेली घाण पूर्ण शोषून घ्यावी लागते. चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये फवारायचे स्प्रे पातळ, ताज्या थरावर थोडंफार काम करतात. जाड, भाजलेल्या थरावर मी ते सुचवत नाही, कारण सुटलेला टणक तुकडा एक्झॉस्टमधून जाताना टर्बोच्या पात्यांवर आदळू शकतो.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा: निदान, गरज दिसली तर सफाई, आणि सफाईच्याच दिवशी कॅन. मग शून्यापासून मोजता येतं. वीस हजार किलोमीटरनंतर बोअरस्कोपने पुन्हा फोटो काढा.

ऑइलची निवडही कॅनइतकीच मोलाची आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. ऑइल किती उडून जातं हे नोआक चाचणीने मोजतात: २५० अंश सेल्सिअसवर एक तास ठेवून वजन किती टक्के घटलं ते. ऑइलच्या डब्यावर लिहिलेल्या दर्जांपैकी एपीआय एसपीसाठी कमाल मर्यादा १५ टक्के, एसीईए सी३ साठी १३. तुमच्या इंजिनाला कंपनीने सांगितलेल्या दर्जाच्या आणि ग्रेडच्या ऑइलांमध्ये ज्याच्या माहितीपत्रकात हा आकडा कमी, ते घ्या. डिपस्टिकवर कमाल खुणेच्या वर कधीही भरू नका, जास्तीचं ऑइल क्रँकने घुसळलं जाऊन धुकं वाढतं. रोज पाच मिनिटांच्याच फेऱ्या होत असतील तर आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा, म्हणजे ऑइलमधलं पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जाईल.

कॅन पहिल्यांदा ५०० किलोमीटरला उघडा. आत तपकिरी, दुधाळ, पेट्रोलचा वास येणारं पाणीच जास्त सापडलं तर घाबरू नका. गारठ्यात आणि छोट्या फेऱ्यांत तेच अपेक्षित आहे, हेड गास्केट गेलंय असा अर्थ लगेच काढू नका. कूलंटची पातळी घटत असेल तरच त्या दिशेने बघा. ते मिश्रण इंजिनात परत ओतायचं नाही, वापरलेल्या ऑइलबरोबर द्यायचं. कॅन अर्धा भरायच्या आत रिकामा होईल असा अंतराल ठरवा. काठोकाठ भरलेला कॅन वळणावर सगळं ऑइल एकदम इंजिनात सोडतो. धूर आणि मिसफायर तर होतोच, टर्बो इंजिनात कमी वेगावर जोर दिला असेल तर वेळेआधी स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. डिझेलमध्ये इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू शकतं.

हजार किलोमीटरनंतर कॅनच्या बाहेर जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडकं ओलं काळं निघालं तर कॅन पकडत नाही. जवळपास कोरडं निघालं तर काम करतोय. आणि दर वेळी किती मिलिलिटर निघालं ते किलोमीटरसह वहीत लिहा. कोणत्या इंजिनात किती निघावं याचा एकच आकडा नसतो, तुमच्या इंजिनाची स्वतःची सरासरी तीन-चार वेळांत कळते. पुढे कधी ऋतू आणि वापर तोच असताना आकडा अचानक दुप्पट झाला, तर आधी ऑइलची पातळी, मग तो हातमोजा, आणि तिथेही काही सापडलं नाही तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते मोजणं) करून रिंगा तपासून घ्या.